पीतज्वराची लस : तिकीट काढण्याआधी तिची तारीख का ठरवावी?

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेच्या प्रवासाला निघणाऱ्यांना, तसेच त्या बाजूच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजांवर नोकरी करणाऱ्या गोमंतकीयांना पीतज्वराच्या लसीवाचून गत्यंतर नसते. आयुष्यात एकदाच घ्यावयाची ही लस प्रत्येक इस्पितळात मिळत नाही. ती कोठे मिळते, इतकी दुर्मीळ का असते आणि तिच्यावाचून परतणाऱ्याला सहा दिवस का थांबवले जाते, याचा हा आढावा.

एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. तेथे अडकलेल्या भारतीयांना ‘ऑपरेशन कावेरी’ या मोहिमेद्वारे मायदेशी आणण्यात आले. बॉम्बवर्षावातून वाट काढत, समुद्र ओलांडून, जेद्दामार्गे ही माणसे भारतात उतरली. परंतु त्यांपैकी शंभराहून अधिक जणांना विमानतळावरून थेट घरी जाता आले नाही. त्यांची रवानगी विलगीकरण कक्षात झाली. त्यांना कोणता आजार जडला होता म्हणून नव्हे, तर पीतज्वराची लस घेतल्याचे प्रमाणपत्र त्यांच्यापाशी नव्हते म्हणून.

जीव वाचवून आलेल्या माणसाला त्याच्याच देशाच्या दारात अडवणे वरकरणी कठोर वाटते. तथापि, या नियमाचे पोट समजून घेतले की त्यामागील भीती किती खरी आहे, हे उमगते. गोव्यासारख्या, घरटी एखादा तरी माणूस परदेशात किंवा जहाजावर असलेल्या प्रदेशात तर ही बाब माहीत असणे अत्यावश्यक ठरते. या एका लसीअभावी हाती आलेले नोकरीचे कंत्राट निसटू शकते, काढलेले तिकीट वाया जाऊ शकते आणि परतीच्या वाटेवर सहा दिवसांची अनपेक्षित कैद नशिबी येऊ शकते.

आजार नेमका कोणता?

पीतज्वर, म्हणजेच ‘यलो फिव्हर’, हा विषाणूजन्य आजार आहे. डेंग्यू आणि झिका यांचे विषाणू ज्या कुळातले, त्याच कुळातला हाही विषाणू. शहरी वस्तीत तो एडिस इजिप्ती या डासामार्फत पसरतो, तर जंगलात माकडे आणि रानडास यांच्यात त्याचे चक्र अखंड चालू असते. डास चावल्यानंतर साधारणतः तीन ते सहा दिवसांत ताप, डोकेदुखी, पाठदुखी, मळमळ अशी लक्षणे दिसू लागतात. बहुतेक रुग्ण तीन-चार दिवसांत बरे होतात. काही थोड्या रुग्णांना मात्र ताप उतरल्यासारखे वाटते न वाटते तोच आजार उलटतो. यकृत आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, कावीळ होते, नाकातोंडातून रक्तस्राव होतो. या अवस्थेला पोहोचलेल्यांपैकी जवळपास निम्मे रुग्ण सात ते दहा दिवसांत दगावतात. या विषाणूवर नेमके औषध आजही उपलब्ध नाही. उपचार होतात ते लक्षणांवर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या माहितीनुसार आफ्रिकेतील ३४ आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतील १३ देशांत किंवा त्यांच्या काही भागांत हा आजार कायम वास करून आहे. केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया, घाना, अंगोला, काँगो, सुदान ही आफ्रिकेतील, तर ब्राझील, पेरू, कोलंबिया, पनामा, बोलिव्हिया ही पलीकडच्या खंडातील काही ठळक नावे. यांपैकी कितीतरी नावे गोव्यातील घरांत नेहमी उच्चारली जातात. नैरोबी आणि कंपाला येथे गोमंतकीयांच्या पिढ्या नांदल्या. अंगोलाशी पोर्तुगीज काळापासूनचा धागा आहे. पर्यटक जहाजांवर काम करणारे तारवटी पनामा, कोलंबिया आणि ब्राझीलच्या बंदरांना वारंवार लागतात.

भारत एवढा कडक का?

पीतज्वर आशियात कधीही मूळ धरू शकलेला नाही. आश्चर्य वाटावे अशीच ही गोष्ट आहे. कारण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे मुबलक आहे. दर पावसाळ्यात पणजी, मडगाव, वास्को येथे डेंग्यूचे रुग्ण वाढतात, ते याच डासाच्या कृपेने. म्हणजे वाहन तयार आहे, त्यावर बसणारा विषाणू तेवढा येथे नाही. डेंग्यूमुळे मिळणारी अंशतः प्रतिकारशक्ती, येथील डासांची हा विषाणू वाहून नेण्याची कमी क्षमता अशी काही स्पष्टीकरणे शास्त्रज्ञांनी मांडली आहेत. मात्र त्यांपैकी एकावरही विसंबून राहावे, असे कोणत्याही आरोग्य यंत्रणेला वाटत नाही.

ही चिंता आजची नव्हे. पनामा कालव्याचे काम पूर्णत्वाला येत असताना, अमेरिकेतील हा आजार आता जहाजांतून थेट आशियाच्या किनाऱ्यांवर येईल, अशी धास्ती ब्रिटिश सरकारला वाटू लागली. त्यासाठी इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी एस. पी. जेम्स यांना अभ्यासाला पाठवण्यात आले आणि भारताचे पीतज्वरापासून संरक्षण कसे करावे, याविषयीचे त्यांचे विवेचन १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. कालवा १९१४ मध्ये खुला झाला. त्याआधीच येथे बचावाचा विचार सुरू झाला होता.

पुढे १९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेत संशोधकांनी असिबी नावाच्या एका रुग्णाचे रक्त ऱ्हीसस जातीच्या माकडाला टोचले आणि या आजाराचा विषाणू प्रथमच प्रयोगशाळेत हाती आला. आफ्रिकेतील माकडांवर यापूर्वी केलेले प्रयोग निष्फळ ठरले होते, कारण पिढ्यान्‌पिढ्या या विषाणूच्या सहवासात राहून ती सरावली होती. ऱ्हीसस हे आपल्याकडचे, आशियातील माकड. ते मात्र पटकन आजारी पडले. ज्या प्रदेशाची या विषाणूशी कधी गाठच पडलेली नाही, तेथील जीवांना तो किती सहज गाठू शकतो, याचा तो पुरावाच होता.

पश्चिम घाटातील लोकांना या भीतीची एक वेगळी आठवण आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि भोवतालच्या गावांत माणसांना तीव्र ताप येऊ लागला. माकडे आणि माणसे एकाच वेळी आजारी पडत असल्याने पीतज्वर अखेर भारतात पोहोचला की काय, अशी शंका पुण्यातील व्हायरस रिसर्च सेंटरच्या शास्त्रज्ञांना आली. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. तपासाअंती तो निराळा, गोचिडींमार्फत पसरणारा विषाणू निघाला. त्यालाच आपण आज माकडताप म्हणतो. गेल्या दशकात सत्तरी तालुक्याने आणि शेजारच्या दोडामार्गाने या माकडतापाची झळ सोसली आहे. म्हणजे सत्तरीतील काजूबागायतदाराला ज्या आजाराची धास्ती वाटते, त्याचा शोधच मुळी पीतज्वराच्या संशयातून लागला.

ही शंका त्या वेळी खोटी ठरली, तरी धोका काल्पनिक नाही, हे २०१६ मध्ये सिद्ध झाले. डिसेंबर २०१५ मध्ये अंगोलाची राजधानी लुआंडा येथे पीतज्वराची साथ सुरू झाली. तेथे काम करणारे काही चिनी कामगार आजार घेऊनच मायदेशी परतले. चीनमध्ये असे ११ रुग्ण नोंदवले गेले. आशिया खंडात पीतज्वर बाधित प्रवाशांच्या शरीरातून पोहोचल्याची ती पहिलीच नोंद. सुदैवाने तेथून स्थानिक प्रसार झाला नाही. विमानप्रवासाने अंतर काही तासांवर आल्यामुळे ताप येण्याआधीच माणूस घरी पोहोचतो आणि त्याच्या अंगणातील डास त्याला चावू शकतो, हे मात्र त्यातून स्पष्ट झाले.

सहा दिवसांचा नियम

विलगीकरणाचे सहा दिवस आले ते या आजाराच्या सुप्तावस्थेवरून. विषाणू शरीरात शिरला असेल, तर सहा दिवसांच्या आत लक्षणे दिसतात. म्हणून पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्या प्रत्येकाकडे वैध प्रमाणपत्र असावे लागते. ते नसल्यास सहा दिवस पूर्ण होईपर्यंत, अथवा प्रमाणपत्र वैध होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, त्याला डासमुक्त कक्षात ठेवले जाते. यातून नऊ महिन्यांखालील तान्ह्या बाळांना सूट आहे. भारतीय नागरिकांना मात्र नाही. पासपोर्ट कोणत्या देशाचा, हा प्रश्न येथे गौण आहे.

जहाजांनाही हा नियम लागू होतो. भारतीय बंदराला लागण्यापूर्वीच्या तीस दिवसांत धोक्याच्या प्रदेशातील एखाद्या बंदराला स्पर्श करून आलेले जहाज डासमुक्त केलेले नसेल, तर त्यावरील प्रमाणपत्र नसलेल्या माणसांना याच कचाट्यातून जावे लागते. विमानांसाठीचे नियम १९५४ मध्ये आणि बंदरांसाठीचे १९५५ मध्ये झाले. त्यांचा गाभा आजही कायम आहे.

एक टोचणी, आयुष्यभराचे कवच

या आजारावरील लस ही विसाव्या शतकातील वैद्यकाच्या सर्वांत यशस्वी निर्मितींपैकी एक मानली जाते. असिबीच्या रक्तातून मिळालेल्या विषाणूचीच प्रयोगशाळेत शेकडो वेळा पुनःपुन्हा वाढ करत, रॉकफेलर फाउंडेशनच्या मॅक्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये त्याचा दुबळा अवतार तयार केला. त्याला ‘सतरा-डी’ असे नाव पडले. या कार्यासाठी थायलर यांना १९५१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आजही जगभर हीच लस वापरली जाते. आतापर्यंत साठ कोटींहून अधिक मात्रा दिल्या गेल्या आहेत.

अर्ध्या मिलिलिटरची एकच मात्रा पुरते. दहा दिवसांत ८० ते १०० टक्के, तर तीस दिवसांत ९९ टक्क्यांहून अधिक लोकांत संरक्षण निर्माण होते. त्यामुळेच प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होते. पूर्वी दर दहा वर्षांनी पुन्हा लस घ्यावी लागत असे. ११ जुलै २०१६ पासून हा नियम बदलला आणि प्रमाणपत्र आजीवन वैध ठरले. हा बदल जुन्या प्रमाणपत्रांनाही लागू आहे. २००९ मध्ये लस घेतलेल्या तारवट्याच्या पिवळ्या कार्डावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली, तरी ते आजही ग्राह्य आहे. ही गोष्ट ठाऊक नसल्याने कित्येकजण दुसऱ्यांदा रांगेत उभे राहतात आणि नव्याने गरज असलेल्याची एक मात्रा खर्ची पाडतात.

मग ती सहज का मिळत नाही?

यामागे तीन कारणे आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण कायद्याचे. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत प्रवाशाकडून लसीचा पुरावा मागता येईल असा नावानिशी नमूद केलेला आजार एकच, तो म्हणजे पीतज्वर. त्यामुळे त्याची लस देणारे केंद्र शासनाने अधिकृत केलेले असावे लागते आणि त्या केंद्राचा शिक्का प्रमाणपत्रावर उमटावा लागतो. नेहमीच्या डॉक्टरकडे किंवा औषधालयात ही सोय नसते.

दुसरे कारण कुपीचे. ही जिवंत विषाणूची लस असते. ती भुकटीच्या स्वरूपात, दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात जपावी लागते. केंद्रांवर अनेकदा एका कुपीत पाच किंवा दहा जणांच्या मात्रा असतात. द्रावण मिसळून कुपी एकदा उघडली की काही तासांत ती संपवावी लागते. उरलेली फेकून द्यावी लागते. एका माणसासाठी दहा जणांची कुपी फोडणे परवडणारे नसते. म्हणून केंद्रे आठवड्यातील ठरावीक दिवस नेमतात, आधी नोंदणी घेतात आणि पुरेशी माणसे जमवून लसीकरण करतात. ‘आज या, आज घ्या’ असे येथे सहसा घडत नाही, त्याचे मूळ या कुपीत आहे.

तिसरे कारण जगातील उत्पादनाचे. जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेले पुरवठादार बराच काळ चारच होते : फ्रान्समधील सनोफी, सेनेगलच्या डाकार येथील पाश्चर संस्था, ब्राझीलमधील बायो-मँगिन्योस आणि रशियातील चुमाकोव्ह संस्था. ही लस आजही कोंबडीच्या गर्भधारित अंड्यांत वाढवली जाते. अशी अंडी मिळवण्यापासून तपासणीपर्यंतची प्रक्रिया प्रदीर्घ असल्याने मागणी वाढली म्हणून उत्पादन महिन्याभरात वाढवता येत नाही. भारतात कसौली येथील केंद्रीय संशोधन संस्थेत एकेकाळी ही लस तयार होत असे. आता आपल्या केंद्रांवर मिळणारी लस प्रामुख्याने बाहेरून येते. परिणामी दूरच्या एखाद्या कारखान्यातील अडचण येथल्या रांगेपर्यंत पोहोचते.

हा साठा किती तुटपुंजा आहे, हे अंगोलाच्या साथीने दाखवून दिले. साथ काँगोत पसरली, कोट्यवधींना लस द्यावी लागली आणि आणीबाणीसाठी राखून ठेवलेला जागतिक साठा रिता झाला. अखेर ऑगस्ट २०१६ मध्ये किन्शासा शहरात नेहमीच्या मात्रेचा पाचवा भाग प्रत्येकाला देऊन सत्तर लाखांहून अधिक लोकांचे लसीकरण करण्यात आले. श्रीमंत देशांनाही टंचाई चुकली नाही. अमेरिकेत २०१७ च्या मध्यापासून तेथील नेहमीची लस उत्पादनातील अडचणींमुळे मिळेनाशी झाली आणि ती पुन्हा उपलब्ध होण्यास २०२१ उजाडले. मधल्या काळात फ्रान्समध्ये बनणारी लस विशेष परवानगीने मोजक्या दवाखान्यांत देण्यात आली. याच सुमारास ब्राझीलमध्ये मोठी साथ आली होती. २०१६ ते २०१८ या दोन हंगामांत तेथे दोन हजारांहून अधिक रुग्ण आणि सातशेंहून अधिक मृत्यू नोंदवले गेले. साथ आली की त्या देशाची गरज आधी भागवावी लागते, हे ओघानेच येते. प्रवाशांच्या वाट्याला उरते ते त्यानंतरचे.

गोव्यातील प्रवाशाने काय करावे?

गोव्यात या लसीसाठी प्रथम आठवावे ते मुरगाव बंदरातील पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन, अर्थात केंद्र सरकारचे बंदर आरोग्य कार्यालय. मुंबईत बंदर आणि विमानतळ अशा दोन्ही आरोग्य कार्यालयांत ही सोय आहे, पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात, तर हैदराबादेत नारायणगुडा येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन येथे. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर किंवा बडोद्याच्या वाचकांनी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील अधिकृत केंद्रांची यादी पाहूनच निघावे. या यादीत वेळोवेळी भर पडत असते आणि एखाद्या केंद्रावरील साठा संपलेलाही असू शकतो. लसीकरणाचे वार, वेळ, शुल्क आणि नोंदणीची पद्धत प्रत्येक केंद्राची वेगळी असते. म्हणून तिकडे जाण्यापूर्वी फोनवरून खातरजमा करणे श्रेयस्कर.

जाताना मूळ पासपोर्ट आणि त्याची छायाप्रत सोबत असावी. तारवट्यांनी आपले सीडीसी पुस्तकही न्यावे. एखादा जुना आजार, नियमित औषधे किंवा ॲलर्जी असल्यास त्याची कागदपत्रे जवळ असावीत. लस दिल्यानंतर साधारण अर्धा तास तेथेच थांबण्यास सांगितले जाते. काहींना पुढील काही दिवस हलका ताप, अंगदुखी जाणवते आणि ती आपोआप शमते.

दिवसांचे गणित

सर्वाधिक फसगत होते ती दिवसांच्या हिशेबात. समजा, एखाद्याला महिन्याच्या २५ तारखेला नैरोबीचे विमान पकडायचे आहे. प्रमाणपत्र वैध होण्यास दहा दिवस लागत असल्याने लस उशिरात उशिरा १५ तारखेला घ्यायला हवी. केंद्रावर आठवड्यातून एक-दोनच दिवस लसीकरण होत असेल आणि नोंदणी आठवडाभर आधी भरलेली असेल, तर हालचाल महिन्याच्या आरंभीच करावी लागते. त्यात साठा संपला असला, तर मुंबई गाठण्यासाठी आणखी काही दिवस हाताशी हवेत. म्हणजे प्रवासापूर्वी किमान महिनाभर आधी ही तयारी सुरू करणे शहाणपणाचे.

जहाजावर जाणाऱ्यांची अडचण याहून अवघड असते. कंपनीचा निरोप बऱ्याचदा आठवडाभर आधी येतो. जहाज कोणत्या बंदरांना लागणार, हे तेव्हाच कळते. त्या वेळी लस घेतलेली नसल्यास दहा दिवसांचा नियम आड येतो आणि जागा दुसऱ्याला दिली जाते. सहा-आठ महिन्यांच्या कमाईवर ज्या घराचे वर्ष चालते, त्या घराला हा धक्का लहान नसतो. प्रमाणपत्र आता आजीवन वैध असल्याने तारवट्याने बोलावण्याची वाट न पाहता, सुट्टीवर घरी असतानाच लस उरकून घेणे केव्हाही हिताचे.

महत्त्व मार्गाचे

आपण ज्या देशात जाणार, त्याचा नियम पाहिला की काम संपले, असा समज रूढ आहे. खरे महत्त्व असते ते मार्गाचे. मोझांबिक हा पीतज्वराचा धोका असलेल्या देशांत मोडत नाही. तथापि, तेथे जाणारे विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जात असेल आणि तेथील मुक्काम लांबला, तर मापुतोच्या विमानतळावर पिवळे कार्ड मागितले जाऊ शकते. धोक्याच्या देशातील विमानतळावर बारा तासांहून अधिक काळ थांबलेल्या प्रवाशाकडे अनेक देश प्रमाणपत्र मागतात. भारतात परतताना, संपूर्ण थांबा विमानतळाच्या आवारातच काढलेल्या प्रवाशाला सूट मिळू शकते. ती द्यायची की नाही, हे आरोग्य अधिकारी ठरवतो. विमान चुकून रात्र शहरातील हॉटेलात काढावी लागली, तर हा आधारही राहत नाही.

हीच गोष्ट पोर्तुगीज पासपोर्टवर लंडन किंवा लिस्बनमध्ये राहणाऱ्या गोमंतकीयांची. ते ब्राझीलला जाऊन आले आणि सहा दिवसांच्या आत दाबोळी किंवा मोपा येथे उतरले, तर हा नियम त्यांनाही लागू होतो.

लस कोणी टाळावी?

जिवंत विषाणूची असल्याने ही लस सर्वांना देता येत नाही. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना, सहा महिन्यांखालील बाळांना, कर्करोगाचे उपचार किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना आणि थायमस ग्रंथीचा विकार असलेल्यांना ती दिली जात नाही. गर्भवती, तान्ह्या बाळाला पाजणाऱ्या माता आणि प्रथमच लस घेणारे साठीपुढील प्रवासी यांच्या बाबतीत धोका आणि गरज यांचा तोल डॉक्टरांनी पाहायचा असतो. यकृत किंवा मज्जासंस्थेवर होणारे गंभीर दुष्परिणाम अत्यंत विरळ आहेत. त्यांचे प्रमाण प्रत्येकी लाखामागे एकाहून कमी आढळते. साठीनंतर ते वाढते. नातवंडाला भेटण्यासाठी कंपालाला निघालेल्या आजी-आजोबांनी म्हणूनच केंद्रावर जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे. गोवर किंवा कांजिण्यांसारखी दुसरी जिवंत लस घ्यायची असल्यास ती एकाच दिवशी घ्यावी, नाहीतर दोहोंत चार आठवड्यांचे अंतर ठेवावे.

वैद्यकीय कारणाने लस घेता येत नसल्यास डॉक्टरांनी तसे इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये लेखी द्यावे, अशी आंतरराष्ट्रीय नियमांत तरतूद आहे. मात्र हे पत्र म्हणजे बिनशर्त परवाना नव्हे. ते विचारात घेऊनही समोरचा देश प्रवाशाला निरीक्षणाखाली ठेवू शकतो. म्हणून संबंधित दूतावासाकडे आधीच विचारणा करणे उत्तम.

कागद जपावा, खोटा घेऊ नये

लस न घेताच पैसे मोजून कार्ड मिळवून देणारे दलाल आफ्रिकेत आहेत, तसे आपल्याकडेही भेटतात. मार्च २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेने जोहान्सबर्ग विमानतळावरून १२५ नायजेरियन प्रवाशांना त्यांची पीतज्वराची कार्डे संशयास्पद असल्याच्या कारणावरून परत पाठवले. नायजेरियाने प्रत्युत्तरादाखल दक्षिण आफ्रिकी नागरिकांना परत धाडले आणि अखेर दक्षिण आफ्रिकेला माफी मागावी लागली. एका पिवळ्या कागदावरून दोन देशांचे संबंध ताणले गेले. एकट्या प्रवाशाच्या मागे एवढे मोठे सरकार उभे राहीलच, असे नाही. शिवाय खोट्या कार्डाने विमानतळावरील अधिकारी फसला, तरी डास फसत नाही.

खऱ्या प्रमाणपत्रावर पासपोर्टमधील नावाप्रमाणेच नाव, लसीची तारीख, बॅच क्रमांक, अधिकाऱ्याची सही आणि केंद्राचा शिक्का असतो. केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वीच हे सारे तपशील ताडून पाहावेत. नावातील एका अक्षराची चूक पुढे त्रासदायक ठरते. कार्ड पासपोर्टसोबत ठेवावे आणि त्याचे छायाचित्र घरच्यांपाशी असू द्यावे. मूळ कार्ड हरवलेच, तर दुय्यम प्रतीसाठी लस घेतलेल्या केंद्राचीच पायरी चढावी लागते. तेव्हा तारीख आणि बॅच क्रमांक हाताशी असल्यास नोंद शोधणे सुकर होते.

सुदानहून परतलेल्यांना त्या सहा दिवसांत किती मनस्ताप झाला असेल, याची कल्पना करता येते. युद्धातून पळणाऱ्याला लस घेण्याची सवड नसते. इतरांना ती असते. महिनाभर आधी केलेला एक फोन, मुरगावची एक फेरी आणि अर्धा मिलिलिटर लस, एवढ्यावर हा प्रश्न जन्मभरासाठी मिटतो. या टोचणीने प्रवासी स्वतःपुरता सुरक्षित होतोच. शिवाय तो परतल्यावर त्याच्या अंगणात, कुंडीखालच्या पाण्यात, नारळाच्या करवंटीत वाढलेल्या डासाला उचलून न्यायला त्याच्याकडे काही उरत नाही. ज्या आजाराने या खंडात आजवर पाऊल रोवलेले नाही, त्याला दाराबाहेर ठेवण्यात परदेशवारी करणाऱ्या प्रत्येक गोमंतकीयाचा असा वाटा आहे.